बंद घराखालची ओळ

१

आमच्या इमारतीतील रहिवाशांचा तक्ता नीट करण्याचे काम माझ्याकडे आले, ते कोणाच्या मेहरबानीने नव्हे. कार्यालयातील व्यवस्थापिकाबाईंनी त्या तक्त्याची एक प्रत फलकावर लावली होती. मी तिच्यातील चुका लाल शाईने दाखवून ती त्यांना परत केली. त्यांनी कागद पाहिला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, “मग काका, तुम्हीच का नाही करत?”

शाळेने मला फार काही दिले नाही. जे शिकलो ते वाचून शिकलो, आणि संगणकही त्याच रीतीने शिकलो. त्याच्या माहितीपुस्तिकेची पाने छापून घेतली, बांधली आणि समासात टिपणे करीत अथपासून इतिपर्यंत वाचली.

“पुस्तक वाचून पोहायला शिकलेले तुम्हीच पहिले,” बाई म्हणाल्या.

“आणि अजून बुडालेलो नाही,” मी म्हणालो.

त्या तक्त्याची रचना सांगणे आवश्यक आहे. संगणकाच्या पडद्यावर प्रत्येक घराची एक मुख्य ओळ दिसे. त्या ओळीच्या टोकाशी एक बारीक बाण असे. तो दाबला की त्या घरात राहणाऱ्या माणसांच्या ओळी खाली उलगडत. घर एक, माणसे अनेक. उलट मात्र चालत नसे. एक माणूस एकाच घराचा असू शकतो. त्याचे नाव दुसऱ्या घराखाली घातले, तर पहिल्या घराखालून ते आपोआप निघून जाई आणि तक्ता त्याबद्दल चकार शब्द काढीत नसे. बदल कायम करण्यासाठी वेगळे बटणही नव्हते. चौकटीतून बाहेर पडलात की झाले. पुस्तिकेत हे सारे सोय म्हणून सांगितले होते.

काम मला आवडले. सकाळी घरातील मंडळी आपापल्या मार्गाला लागली की मी खाली उतरे आणि कार्यालयातील खिडकीजवळच्या संगणकापुढे बसे. चिरंजीव कामावर जाई, सूनबाई घरूनच शिवणकाम करी आणि माझी नात शाळेत जाई. तिच्या उड्या पाहून मीच तिला खारू म्हणू लागलो होतो, आणि पुढे सगळे तिला त्याच नावाने हाक मारू लागले.

२

आमच्या वरच्या मजल्यावर एक बंद घर आहे. मालक कोण हे कोणास ठाऊक नाही. दारावरचे कुलूप गंजून तपकिरी झाले आहे आणि दाराच्या चौकटीला कोळिष्टके लोंबतात. तक्त्यात त्या घराच्या मुख्य ओळीपुढे रहिवाशांचा आकडा शून्य असावयास हवा होता. तिथे एक होता.

बाण दाबला. खाली एक ओळ उलगडली. तिच्यात नाव नव्हते.

“त्या घरात कोण राहते?” मी बाईंना विचारले.

“कोण राहणार? उंदीर असतील फार तर.”

“मग ही ओळ कोणी घातली?”

“तक्ता आमच्याकडे आला तेव्हापासून आहे ती.” बाईंनी मान वर न करता उत्तर दिले. “रिकामी आहे ना? खायला मागते का काही? राहू द्या की.”

मला राहू देता आले नाही. रिकाम्या ओळीला माणूस म्हणून मोजणे ही चूक होती, आणि चूक दिसल्यावर ती तशीच ठेवून उठणे मला आयुष्यात कधी जमलेले नाही. ओळ पुसून पाहिली, पुसली जाईना. तेव्हा निदान तिच्या पोटात काय आहे ते पाहावे म्हणून मी नावाची चौकट उघडली. इमारतीतील सर्व रहिवाशांची यादी तिच्याखाली उलगडली. मी काहीही न निवडता यादी मिटली आणि पान खाली सरकवण्यासाठी माऊसचे चाक फिरवले.

पान सरकले नाही. मी चाक आणखी जोराने फिरवले. संगणक जुना होता, कधीकधी असाच अडे. शेवटी बाजूच्या मोकळ्या जागेवर बोट दाबले तेव्हा पान मुकाट्याने खाली गेले आणि मी पुढच्या मजल्याचे काम हाती घेतले.

ती चौकट तोवर जागी होती. चाक पान फिरवीत नव्हते, चौकटीतील नावे फिरवीत होते. एकामागून एक नावे तिच्यातून जात होती, आणि मी बाजूला बोट दाबले त्या क्षणी जे नाव तिच्यात होते, ते तिथे राहिले. पुस्तिकेत या दोषाविषयी एक अक्षरही नाही. मी ती पुन्हा तपासली आहे.

३

खारू दुपारी शाळेतून येई तेव्हा जिन्यातच पाढे म्हणू लागे, आणि मला चिडवण्यासाठी मुद्दाम चुकीचे म्हणे. मी आतून ओरडून दुरुस्ती करी. आमचा तो रोजचा खेळ होता.

“सात चोक सत्तावीस!” त्या दुपारी जिन्यातून आवाज आला.

“अठ्ठावीस!” मी खुर्चीतून ओरडलो.

पावले आमच्या दाराशी आली आणि थांबली नाहीत. मी उठून दार उघडले. ती वरच्या पायऱ्या चढत होती, दप्तर पाठीवर, एका पायाचा मोजा घसरलेला.

“अगं, कुठे निघालीस?”

तिने वळून पाहिले. ओळखीच्या माणसाकडे पाहून हसावे तशी ती हसली. “घरी,” ती म्हणाली. “येते हं, आजोबा.”

मलाही हसू आले. नवा खेळ असेल असे वाटले. थोडा वेळ मी दारातच उभा राहिलो, ती कंटाळून खाली येईल म्हणून. मग सावकाश वर गेलो.

बंद घराच्या दारासमोर तिचे बूट होते. जोडीने, टाचा भिंतीला लावून ठेवलेले. माझ्या घरात असे बूट तिने कधीही ठेवले नव्हते. ते मला दारातून गोळा करावे लागत. कुलूप जागच्या जागी होते. मी ते हातात धरून ओढले, तेव्हा तळहाताला गंज लागला. चौकटीवरची कोळिष्टके तुटलेली नव्हती.

आतून खारूचा आवाज येत होता. ती पाढे म्हणत होती.

“सात पाचे चौतीस,” ती म्हणाली. मग ती गप्प झाली, कोणाचे तरी ऐकून घ्यावे तशी. मग म्हणाली, “पस्तीस.” पुन्हा पुढे गेली, पुन्हा चुकली, पुन्हा गप्प राहून बरोबर म्हणाली. तिला दुरुस्त करणारा आवाज मात्र मला ऐकू आला नाही. मी दाराला कान लावला तरीही नाही.

मी दार बडवले. आतील पाढे थांबले. काहीतरी बसके, लाकडी, फरशीवरून ओढले गेले आणि मग काहीच नाही.

खाली येताना माझी बुद्धी शाबूत होती, हे मी आग्रहाने नमूद करतो. मागच्या बाजूला दुसरे दार असेल, गच्चीतून वाट असेल, मुले अशा जागा हुडकून काढतातच, असे मी स्वतःला सांगत होतो. सूनबाई शिवणयंत्राशी बसली होती.

“खारू वरच्या बंद घरात शिरली आहे,” मी म्हणालो. “पहारेकऱ्याला बोलाव. कुलूप तोडावे लागेल.”

तिने यंत्राचे चाक हाताने थांबवले. “कोण शिरलंय, बाबा?”

“खारू.”

“ती वरची मुलगी होय? अहो, मग ती घरीच गेली की.” ती दातांनी दोरा तोडीत हसली. “भारी गोड पोर आहे. कोणाची आहे हो ती?”

मी तिच्या तोंडाकडे पाहत राहिलो. थट्टा करताना सूनबाईचा डावा गाल हलतो. तो हलत नव्हता.

मी आतल्या खोलीत गेलो. खारूच्या पलंगाच्या जागी कापडांचे गठ्ठे रचलेले होते. भिंतीवर सकाळपर्यंत तिने रंगीत खडूने काढलेली चित्रे होती, ती सूनबाईने तीनतीनदा घासूनही गेली नव्हती. तिथे आता स्वच्छ भिंत होती, आणि तिच्यावरचा रंग जुना होता. चिरंजीवाला फोन केला. त्याने माझे सगळे ऐकून घेतले आणि हळू आवाजात विचारले, “बाबा, उन्हात फिरून आलात का?”

४

तक्ता उघडण्यापूर्वीच मला उत्तर कळले होते. तरीही कार्यालयात जाऊन उघडला. आमच्या घराखाली चिरंजीव होता, सूनबाई होती, मी होतो. बंद घराखालच्या ओळीत माझ्या नातीचे नाव होते, आडनावासह, शुद्ध लिहिलेले.

“बाई, हे नाव इथे चुकून पडले आहे.”

त्या माझ्या खांद्यावरून डोकावल्या. “चुकून कसं? ती राहतेच तिथे.”

“कोणाबरोबर?”

“कोणाबरोबर म्हणजे? घरच्यांबरोबर.”

“घरचे कोण?”

बाईंनी बोलण्यासाठी तोंड उघडले. ते तसेच उघडे राहिले आणि त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेले, जसे चौकटीतून नावे सरकतात. मग त्यांनी चष्मा पुसला. “काका, तुमच्यासाठी चहा सांगू का?”

मी आमच्या घराची ओळ उलगडली आणि तिच्याखाली खारूचे नाव घातले. ते आले. बंद घराखालची चौकट रिकामी झाली. मी श्वास सोडला आणि तो पुरता सुटण्याआधीच त्या रिकाम्या चौकटीभोवती लाल रेघ उमटली. वर सूचना आली: ही चौकट रिकामी ठेवता येत नाही, बदल रद्द केला आहे. खारूचे नाव पुन्हा बंद घराखाली गेले.

इतकी वर्षे ती चौकट रिकामीच होती. रिकामी होती तोवर रिकामी चालत होती. एकदा भरल्यावर तिला रिकामे होणे मान्य नव्हते.

मग मी खोटे नाव रचले. आयुष्यात पहिल्यांदा, जाणूनबुजून, एक नसलेला माणूस कागदावर आणला आणि त्याला त्या चौकटीत बसवले. तक्त्याने तो निमूटपणे घेतला. मी पान बंद करून पुन्हा उघडले. चौकटीत खारूच होती.

खऱ्या माणसाचेच नाव हवे होते. मी यादी वरून खाली वाचत गेलो. प्रत्येक नावाला एक घर होते. तळमजल्यावरचा शिंपी, त्याची लहान मुले. दुसऱ्या जिन्यातील दोघी बहिणी, ज्यांतल्या थोरलीला दिसत नाही आणि धाकटी तिला वाचून दाखवते. त्याच जिन्यातील वादक एकटाच राहत असे, त्याला उचलले तर कोणाचेच काही जाणार नव्हते. मी त्याच्या नावापाशी बराच वेळ थांबलो. पण तो गेला असता तर त्याचे घर रिकामे झाले असते, आणि त्या रिकाम्या घराखाली दुसरी रिकामी ओळ उरली असती.

खारू वर अजून पाढे म्हणत असेल. तिला भूक लागली असेल, असे माझ्या मनात आले. आणि त्यामागोमाग, तिला तिथे कोणी वाढलेही असेल, हे मनात आले.

“सापडलं का नाव?” बाईंनी मागून विचारले.

“सापडले,” मी म्हणालो.

या वेळी चाकाला हात लावला नाही. बाणाची कळ दाबत यादीत एकेक नाव खाली उतरत माझ्या नावापाशी आलो, नाव वाचले, त्यात चूक नाही याची खात्री केली, आणि बाजूच्या मोकळ्या जागेवर बोट दाबले. लाल रेघ उमटली नाही, आणि खारूचे नाव आमच्या घराखाली परत आले.

५

आमच्या दारासमोर खारूचे बूट पडले होते, एक उताणा, एक पायरीवर.   आतून सूनबाईचा आवाज येत होता: “मोजे काढ आधी! तसेच पाय वर घेतलेस तर बघ!”

माझ्या किल्लीने दार उघडेना. मी घंटा वाजवली.

सूनबाईने दार अर्धेच उघडले. खांद्यावर मोजपट्टी होती. “काय हो काका?” ती म्हणाली. “काही हवं होतं का?”

लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने मला बाबा सोडून दुसरी हाक मारली नव्हती. रागावली तरी बाबाच म्हणे, फक्त थोडे लांबवून. ते “काका” इतके सहज, इतके आदराने आले की मला त्यात काही दुरुस्त करता येईना.

तिच्या मागून खारूने डोके काढले. “आई, कोण आहे?”

“वरचे आजोबा.”

“ते एकटे राहतात?”

“खारू! असं विचारतात का कोणाला?” ती माझ्याकडे पाहून ओशाळली. “लहान आहे हो. जिभेला हाड नाही.”

“असू दे,” मी म्हणालो. “सहज आलो होतो. मोजे धुवायला टाक तिचे.”

सूनबाईने भुवया उंचावल्या. शेजाऱ्याने असे सांगावयाचे नसते. दार मिटले.

हातातली किल्ली पाहिली. ती आमच्या घराची नव्हती. जुनी, जड होती आणि तिच्या दात्यांत गंज होता. वर जाऊन ती कुलपात घातली तेव्हा कुलूप तेल दिल्यासारखे उघडले.

६

आत दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत खिडकी आहे, एक खाट आहे, आणि ती माझ्या मापाची नाही. तिच्यावर मी गुडघे पोटाशी घेऊन झोपतो. भिंतीवर आरसा आहे, तो माझ्या कमरेइतक्या उंचीवर. त्याच्यापुढे बसके लाकडी आसन. दोरीवर एक पंचा, लहान मुलाला पुरेल एवढा. हे सारे पाहिल्यावर मला जे समजले ते मी सरळ लिहितो: यातील काहीही माझ्यासाठी मांडलेले नाही, आणि मी आल्यावर त्यात काही बदललेही नाही.

आतल्या खोलीचे दार बंद असते. मला तिथून कोणी हाक मारली नाही, कोणी बाहेर आले नाही. मी आहे की नाही याची तिथे फिकीर नसावी. ओळ भरली आहे, एवढे माझे महत्त्व. मात्र शाळा सुटण्याची वेळ झाली की त्या दारामागे हालचाल सुरू होते. काहीतरी उठते. जिन्यात पाढे ऐकू येतात, खालच्या मजल्यावर थांबतात, दार उघडते, मिटते. मग आतील ते पुन्हा खाली बसते. बसताना त्याला फार वेळ लागतो.

मी या घरातून बाहेर पडू शकतो. दुकानात जातो, कट्ट्यावर बसतो. बाई मला नमस्कार करतात, पण तक्त्याच्या कामासाठी बोलावीत नाहीत. ते काम मी केले होते हे त्यांना आठवत नाही. सूनबाई जिन्यात भेटली तर पिशवी वर आणून देते. तिच्या हातून पिशवी मी नेहमी जिन्याच्या मधल्या वळणावरच घेतो. खारूला वर येऊ देऊ नकोस असे मी तिला एकदा सांगून पाहिले. तिचा चेहरा कठोर झाला. “का हो काका? काही त्रास देते का ती?” मी नाही म्हणालो. दुसरे काय सांगणार?

काल दुपारी पाढे खालच्या मजल्यावर थांबले, दार वाजले, मिटले. आतले ते बसले. थोड्या वेळाने खालचे दार पुन्हा उघडले, आणि अनवाणी पावले वर येऊ लागली.

माझ्या दारावर टकटक झाली.

“आजोबा, आईने विचारलंय, तुमच्याकडे पाणी येतंय का?”

मी दारापाशी गेलो, पण कडीला हात लावला नाही. माझ्या मागे आतल्या खोलीची कडी निघाल्याचा आवाज झाला. अगदी हलका, झोपलेल्यांना जाग येऊ नये म्हणून कोणी काढावी तसा. मी मान वळवली. दार मिटलेलेच होते, पण त्याच्याखालच्या फटीत उजेड होता आणि त्या उजेडात कोणाची तरी सावली उभी होती. मी पाहत असताना ती खाली आली. कोणी लहान मुलाशी बोलण्यासाठी वाकते, तशी ती वाकत गेली. वाकून झाल्यावरही ती वाकतच राहिली.

“आजोबा? पाणी येतंय का?”

मी बाहेरच्या दाराला पाठ लावली आणि टाचा फरशीत रोवल्या.

“इथे कोणी राहत नाही,” मी म्हणालो. “खाली जा.”

 बाहेर ती खळखळून हसली. “मग बोलतंय कोण?”

मी दोन्ही हात तोंडावर दाबले. ती थोडी थांबली. मग, “जाऊ दे, आईला सांगते येत नाहीये,” असे पुटपुटत वळली. पावले उतरू लागली. एक पायरी, आणखी एक. मी डोळे मिटले.

तेव्हा आतल्या खोलीतून उत्तर आले. आवाज माझा होता. माझ्यासारखा नव्हे, माझाच: तीच सावकाश लय, तेच प्रत्येक अक्षर सुटे करून म्हणणे. फक्त त्यात जो जिव्हाळा होता तो मला बोलण्यात कधी साधला नव्हता.

“तुझे आजोबा बोलताहेत, खारू. तुझ्या घरचे आजोबा. ये.”

जिन्यावरची पावले थांबली.